महाबलीपुरमचे अर्धवट रथ आणि आपलं वेरूळ

महाबलीपुरमला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पंचरथांचा एक तरी फोटो असतो. वाळूत उभी असलेली पाच दगडी देवळं, शेजारी अख्ख्या दगडाचा हत्ती, आणि हत्तीला टेकून उभे आपले कुटुंबीय. गाईड सांगतो की हे पांडवांचे रथ. प्रत्यक्षात ते पांडवांचे नाहीत, रथही नाहीत, आणि त्यातले बहुतेक पुरेसुद्धा झालेले नाहीत.

यातल्या सगळ्यात मोठ्या, धर्मराजाचं नाव मिळालेल्या रथाजवळ जाऊन बघा. वरचे मजले अगदी निगुतीनं कोरलेत. खालच्या कोपऱ्यांतल्या काही मूर्तीही झाल्यात. पण खांब नुसते ढोबळ सोडलेले, त्यांच्या पायाशी बसवायचे सिंह जेमतेम ओळखू येतात, आणि तळमजल्याचा गाभारा खणलेलाच नाही. आपल्याकडे म्हणतात ना, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. या दगडानं घाव सोसले, पण देवपण यायच्या आतच पाथरवट हत्यारं आवरून निघून गेले.

मला या गावात सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हा अर्धवटपणा. पूर्ण झालेलं देऊळ आपलं गुपित सांगत नाही. अर्ध्यावर सोडलेलं देऊळ सगळं सांगतं: काम कुठून सुरू झालं, कशा क्रमानं झालं, कारागिराच्या डोक्यात काय होतं. महाबलीपुरम म्हणजे दक्षिणेतल्या दगडी देवळांची कच्ची वही आहे, खाडाखोडीसकट. ही वही वाचता आली की मदुराईचं गोपुरही वाचता येतं आणि, थोडं आश्चर्य वाटेल, आपलं वेरूळचं कैलास लेणंही.

नाव कुठल्या बळीचं?

मराठी माणसाला महाबलीपुरम म्हटलं की बळीराजा आठवतो. पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारे आपण. त्यामुळे हे त्याचंच गाव असणार असं वाटून जातं. तशी दंतकथा तिथेही सांगतात. पण गावच्या बसवर पाटी असते ती मामल्लपुरम अशी, आणि तेच जुनं नाव. कांचीपुरमहून राज्य करणाऱ्या पल्लव घराण्यातला राजा पहिला नरसिंहवर्मा (साधारण ६३० ते ६६८) स्वतःला महामल्ल म्हणवून घ्यायचा. महामल्ल म्हणजे थोर पैलवान, त्याचं तमिळ रूप मामल्ल. म्हणजे हे पैलवानाचं गाव; कोल्हापूरकरांनी तरी लगेच आपलं म्हणावं.

हा पैलवान कुस्ती कुणाशी खेळला तेही आपल्याशी संबंधित आहे. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, ज्याला ऐहोळचा इ.स. ६३४चा शिलालेख तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यातल्या नव्व्याण्णव हजार गावांचा स्वामी म्हणतो, त्यानं पल्लवांना त्यांच्या कांचीपर्यंत रेटलं होतं. नरसिंहवर्म्यानं ६४२च्या सुमारास त्याचा वचपा काढला, थेट बदामी घेतली आणि 'वातापीकोंड', म्हणजे वातापी (बदामीचं जुनं नाव) घेणारा, अशी पदवी लावली. बदामीच्या खडकावर त्याचा लेख आजही आहे. या भांडणाकडे आपण शेवटी परत येऊ, कारण वेरूळची वाट त्यातूनच जाते.

गाव चेन्नईच्या दक्षिणेला, साधारण ५५-६० किलोमीटरवर. पल्लवांचं हे बंदर. तिरुमंगै आळ्वार या वैष्णव संतानं याला कडलमल्लै म्हटलंय (कडल म्हणजे समुद्र) आणि संपत्ती, हत्ती, रत्नं यांनी लादलेली जहाजं इथे उभी असल्याचं वर्णन केलंय. राजधानीचा पैसा आणि बंदराचा राबता एकत्र असेल तर दगडावर प्रयोग करायची ऐपत कुठून येते, हे वेगळं सांगायला नको.

विटा नाहीत, लाकूड नाही

पल्लवांच्या आधी तमिळ मुलखात देवळं नव्हती असं नाही. होती, पण विटांची आणि लाकडाची. ती राहिली नाहीत. दगड होता तो मेलेल्या वीरांच्या स्मारकासाठी, आपल्याकडच्या वीरगळासारखा. त्यामुळे देवाला दगडाचं घर द्यायला लोक बिचकत असावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं. मग नरसिंहवर्म्याचा बाप पहिला महेंद्रवर्मा (साधारण ६०० ते ६३०) यानं मंडगपट्टू नावाच्या ठिकाणी खडकात एक लहानसं लेणं खोदवलं आणि तिथे संस्कृतात लिहून ठेवलं: विटेविना, लाकडाविना, धातूविना, चुन्याविना हे मंदिर ब्रह्मा, ईश्वर आणि विष्णू यांच्यासाठी विचित्रचित्त राजानं केलं. विचित्रचित्त ही त्याचीच पदवी. चमत्कारिक डोक्याचा, असा अर्थ घेतला तर फार चुकत नाही. या लेखातला फुशारकीचा सूर मला फार आवडतो. चार गोष्टी नाहीत हीच त्याची बढाई.

आता अडचण अशी की दगडाचं देऊळ दिसतं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. लाकडाचं आणि विटांचं माहीत होतं. मग कारागिरांनी केलं तेच जे माणूस नेहमी करतो: जुनी वस्तू नव्या मालात जशीच्या तशी उतरवली. हे आपल्याला नवीन नाही. भाज्याच्या, कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या कमानीला लाकडी फासळ्या आहेत. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची गरज काय? काहीच नाही. पण देवाचं घर म्हणजे लाकडी कमान, ही सवय सुटत नव्हती. कार्ल्याला त्या फासळ्या आजही जागेवर आहेत.

पंचरथांत हीच सवय पाच वेगवेगळ्या रूपांत उभी आहे. द्रौपदीचा रथ बघा. ती सरळसरळ गवतानं शाकारलेली झोपडी आहे, चौकोनी, चारी बाजूंनी बाक देऊन उतरणाऱ्या छपराची. ग्रॅनाइटमध्ये गवताचा लवचीकपणा आणलाय. आत दुर्गा उभी आहे, आणि तिच्या पायाशी एक भक्त स्वतःचे केस मुठीत धरून स्वतःचंच मुंडकं उतरवायच्या बेतात आहे. एवढ्या साध्या झोपडीत एवढा भयंकर प्रसंग. फोटो काढणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांना तो दिसतो.

भीमाचा रथ लांबट आहे आणि त्याचं छप्पर अर्ध्या पिंपासारखं, आपल्या बैलगाडीच्या तट्ट्याच्या छतासारखं गोलाकार. अर्जुनाचा आणि धर्मराजाचा रथ म्हणजे मजल्यावर मजला चढत जाणारे चौकोनी मनोरे. नकुल-सहदेवांच्या वाट्याला नेहमीप्रमाणे दोघांत मिळून एकच रथ आलाय. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. शिल्पशास्त्रात या आकाराला गजपृष्ठच म्हणतात, आणि कारागिरानं शेजारी खरोखरचा एवढा थोरला हत्ती कोरून ठेवलाय. तेराशे वर्षांपूर्वीची ही कोटी दगडात आहे आणि अजून हसू येतं.

थोडक्यात, हे पाच रथ म्हणजे त्या काळी प्रचारात असलेल्या देवळांच्या आकारांचा पूर्ण मापाचा संचच. पांडवांची नावं लोकांनी फार नंतर चिकटवली.

वरून खाली

चार रथ एकाच रांगेत आहेत, कारण ते एकाच लांबट खडकातून कापलेत. खडक एका टोकाला उंच आणि दुसरीकडे उतरता असणार, म्हणून उंच टोकाला तीनमजली धर्मराज आणि बुटक्या टोकाला झोपडी. खडकानं दिली तेवढी उंची घ्यायची, असा हिशोब.

काम अर्थातच वरून खाली. खालून सुरू केलं तर वरच्या मजल्यासाठी परांची बांधावी लागेल आणि उडालेल्या कपच्या खालच्या कोरीव कामावर पडतील. वरून सुरू केलं की न फोडलेला खडकच उभं राहायला जागा देतो. म्हणून वरचे मजले पूर्ण, खालचे अर्धवट. वेरूळच्या कैलासाबद्दल आपल्याकडे गोष्ट सांगतात ती हीच: कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असं राणीनं व्रत धरलं, कुणाला जमेना, मग पैठणचा कोकस म्हणाला की मी आधी कळसच करतो. गोष्ट गोष्टीच्या जागी. पण डोंगरात देऊळ खोदायचं तर कळसापासूनच सुरुवात करावी लागते, त्याला राणीच्या उपासाची गरज नाही.

डोंगरावरच्या अर्धवट लेण्यांत तर खोदाईची पायरीन् पायरी दिसते. सपाट केलेल्या खडकावर आधी चौकोन आखलेत. नारळाच्या वड्या ताटात थापून सुरीनं चौकोन पाडावेत, तसे. मग सुरीच्या रेघांच्या जागी छिन्नीनं खोल चर मारले, म्हणजे मधले चौकोन उंचवट्यासारखे सुटे राहिले. आणि मग ते उंचवटे बाजूनं घाव घालून उडवले. पुन्हा सपाटी, पुन्हा चौकोन, पुन्हा चर. एका लेण्याच्या भिंतीवर या वड्या अजून तशाच आहेत. हात फिरवला तर चराच्या तळाशी टाकीचे टोचे बोटांना लागतात.

या दगडाबद्दलही सांगायला हवं. आपला सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे लाव्ह्याचे थर, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. अजिंठा, वेरूळ त्यात कोरलं. तो कठीण आहेच. पाट्या-वरवंट्याला टाकी लावताना ज्यानं बघितलंय त्याला कल्पना असेल. पण त्याचा कण बारीक असतो. महाबलीपुरमचा खडक, ज्याला सगळे सरसकट ग्रॅनाइट म्हणतात, तो दोन अब्ज वर्षांहून जुना आणि भरड कणांचा. त्यात नाकाची कड किंवा बोटाचं टोक काढताना एखादा स्फटिक निसटला की संपलं. पल्लवांच्या मूर्ती सडपातळ, दागिन्यांनी न लादलेल्या, जरा अबोल वाटतात, त्यात राजांच्या आवडीचा भाग असेलच; पण दगडानंही त्यांना नक्षीकाम फार परवडू दिलं नाही असं मला वाटतं.

हाच खडक कोपरे झिजत झिजत गोल होतो. सपाट बाजूपेक्षा कोपऱ्यावर ऊन-पावसाचा मारा तिन्ही अंगांनी होतो, म्हणून आधी कोपरा जातो आणि हजारो वर्षांत चौकोनी ठोकळ्याचा गोटा होतो. उतारावर थांबलेला तो प्रसिद्ध 'कृष्णाचा लोण्याचा गोळा' असाच तयार झालाय. वजन सुमारे अडीचशे टन. १९०८ साली मद्रासचे गव्हर्नर लॉली यांनी तो लोकांच्या अंगावर येईल या भीतीनं सात हत्ती लावून हलवायचा प्रयत्न केला आणि गोळा हलला नाही, असं सांगतात. मागच्या बाजूनं जाऊन बघितलं तर तो अर्धा फुटलेला आहे, पूर्ण गोळा नाहीच. त्याच्या खालच्या सावलीत शाळेच्या सहली डबे खातात.

एक किल्ली

आता पंचरथांवरून मिळणारी किल्ली. दक्षिणेत गाभाऱ्यावरच्या संपूर्ण मनोऱ्याला विमान म्हणतात आणि शिखर म्हणतात ते फक्त त्याच्या डोक्यावरच्या घुमटाला. आपण अख्ख्या मनोऱ्याला शिखर म्हणतो, तिथे पहिला घोळ होतो. धर्मराज रथाकडे बघा: प्रत्येक मजल्याच्या कडेनं छोट्या छोट्या घरांची माळ ओवलीय. कोपऱ्यावरचं घर चौकोनी, त्याला कूट म्हणतात. मधलं घर लांबट, गोल छपराचं, ती शाला. म्हणजे कूट हे झोपडीसारख्या चौकोनी घराचं पिल्लू आणि शाला हे भीमाच्या रथाचं. मजला चढेल तशी माळ आखडत जाते आणि सगळ्यात वर बसतो आठ कोनांचा घुमट. देवाचं घर म्हणजे घरांवर रचलेली घरं.

मदुराई, श्रीरंगम, कुठलंही गोपुर घ्या. रंग, देव, राक्षस, यक्ष यांची गर्दी क्षणभर विसरा आणि अगदी वरचं टोक बघा. लांबट, अर्ध्या पिंपासारखं छप्पर, त्यावर ओळीनं कळस. तो भीमाचा रथ आहे, उचलून शेंड्यावर ठेवलेला.

छपराच्या कडेला पुढे आलेली जी गोलसर पट्टी असते, ती म्हणजे आपली वळचण. तिच्यावर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या लहान कमानी आहेत, तमिळमध्ये कूडु. ही आपल्या कार्ल्या-भाज्याच्या चैत्यकमानीचीच नात. तिथे ती उजेड आत घेणारी भली मोठी खिडकी होती, इथे नुसता दागिना झाली. महाबलीपुरमला त्या कमानींतून चिमुकली डोकी बाहेर डोकावतात, माडीवरून रस्ता बघणाऱ्या शेजाऱ्यांसारखी.

काळ ओळखायचा असेल तर खांब बघावेत. महेंद्रवर्म्याच्या काळचे खांब ठोकळ्यासारखे: खाली चौकोन, मध्ये अष्टकोन, वर पुन्हा चौकोन. नंतरच्या लेण्यांत खांब सडपातळ होतात आणि त्यांच्या पायथ्याला सिंह बसतो. आणखी पुढे, दुसरा नरसिंहवर्मा उर्फ राजसिंह (साधारण ७०० ते ७२८) याच्या काळात सिंह मागच्या पायांवर उभाच राहतो. हा क्रम बहुतेकांना मान्य आहे, पण आर. नागस्वामी यांनी १९६२ साली, शिलालेखांतल्या पदव्यांचा मेळ घालून, इथलं सगळंच काम एकट्या राजसिंहाचं असल्याचा दावा केला आणि तेव्हापासूनचा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला एका राजाच्या हयातीत एवढं सगळं झालं हे पटायला जड जातं.

गंगा की अर्जुन?

गावाच्या मधोमध, रस्त्याला लागूनच, दोन प्रचंड खडकांवर मिळून कोरलेलं एक शिल्प आहे. लांबी सुमारे तीस मीटर. शंभराहून जास्त आकृत्या: देव, गंधर्व, ऋषी, शिकारी, सिंह, माकडं, आणि जवळपास खऱ्या मापाचे हत्ती, ज्यांच्या पोटाखाली पिल्लं लपलीत. डावीकडे वर एक हडकलेला तपस्वी, बरगड्या मोजता येतील असा, एका पायावर हात वर करून उभा. त्याच्या शेजारी शिव, वर द्यायला हात पुढे केलेला.

हा तपस्वी कोण यावरून विद्वानांचे दोन तट आहेत. एक म्हणतो अर्जुन, पाशुपतास्त्रासाठी तप करणारा. दुसरा म्हणतो भगीरथ, आणि हे गंगेचं अवतरण. गंगावाल्यांच्या हातातला हुकमाचा पत्ता म्हणजे दोन खडकांमधली उभी भेग. कारागिरांनी ती लपवली नाही, उलट तिच्यात हात जोडून वर चढणारे नाग कोरले. वर पाणी साठवायची सोय होती; पाणी सोडलं की भेगेतून खरोखरची गंगा कोसळायची आणि दोन्ही बाजूंची सगळी सृष्टी तिच्याकडे धावताना दिसायची. खडकातला दोषच शिल्पाचा विषय झाला.

भेगेच्या उजवीकडे, थोरल्या हत्तीच्या पायाशी, एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून पुढचे पंजे वर करून तप करतंय, हुबेहूब त्या तपस्व्यासारखं. भोवती उंदीर. आपल्याकडे ढोंगाला बगळ्याचं ध्यान म्हणतात, तसं हे मांजराचं. हे नुसतं गमतीसाठी नाही. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन पांडवांना डिवचण्यासाठी उलूकाकरवी जो निरोप धाडतो, त्यात ढोंगी मांजराची गोष्ट आहे: गंगेच्या काठी हात वर करून तप करणारं मांजर आणि त्याच्यावर विश्वास टाकणारे उंदीर. म्हणजे मांजर एकीकडे गंगेकडे बोट दाखवतं आणि दुसरीकडे पांडवांकडे. पल्लवांच्या दरबारात श्लेषाचं वेड होतं, तेव्हा दोन्ही अर्थ मुद्दामच ठेवलेत असं म्हणणाराही एक तट आहे. मी त्या तटात. एका शब्दाचे दोन अर्थ काढून वाहवा मिळवणाऱ्या कवींच्या गावात पाथरवटानं मागे का राहावं?

गर्दीतून वाट काढून एक हरीण शोधा. ते मागच्या खुरानं नाक खाजवतंय. आणि गावातच, थोडं पुढे, याच विषयाचं दुसरं शिल्प खडकावर सुरू करून अर्ध्यात सोडलेलं आहे. तिथे कुणी थांबत नाही. मी सांगेन की पहिलं पाहून झाल्यावर तिथे दहा मिनिटं द्या. कुठली आकृती कारागीर आधी पुढे काढतो आणि मोकळी जागा कशी राखून ठेवतो, हे तिथे कळतं.

शेजारच्या कृष्णमंडपात गोवर्धन उचललेला कृष्ण आहे. पण माझी नजर त्याच्या बाजूला धार काढत बसलेल्या गवळ्यावरच खिळते. डोक्यावर डोंगर तोललाय, इंद्र कोपलाय, आणि याची बादली गुडघ्यांत. गाय वासराला चाटतेय. पुढचा खांबांचा मंडप विजयनगरच्या काळात उभारला, त्यामुळे शिल्प आता सावलीत गेलंय. आधी ते गंगेच्या शिल्पासारखंच उघड्यावर होतं.

दगड कापण्यापासून दगड रचण्यापर्यंत

लेणं, मग एकसंध खडकाचा रथ, मग उघड्यावरचं शिल्प. या सगळ्यात जागा खडक ठरवतो. समुद्राकाठच्या देवळात राजसिंहानं हे बंधन तोडलं. दगडाचे चिरे घडवून, एकावर एक रचून देऊळ बांधलं. म्हणजे आता देऊळ हवं तिथे, हवं तेवढं उंच. दोन शिवालयं, एकाचं तोंड पूर्वेला समुद्राकडे, दुसऱ्याचं पश्चिमेला गावाकडे, आणि दोघांच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत शेषशायी विष्णू. विष्णू मात्र रचलेला नाही; तो जागेवरच्या मूळ खडकात कोरलाय, म्हणजे देवळाच्याही आधीचा असणार. मोठं विमान साठेक फुटांचं. सूर्य उगवतो तेव्हा जायला हवं. दुपारी एकला गेलो होतो आम्ही, वाळूनं तळवे भाजले आणि कुणीच काही बघितलं नाही.

समुद्र इथला सगळ्यात जुना शत्रू. लाटा तर आहेतच, पण खरं नुकसान खाऱ्या वाऱ्याचं. मिठाचं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा पापुद्रा आतून ढकलला जातो. वर वाऱ्यानं उडवलेली वाळू घासते ती वेगळीच. पुरातत्त्व खात्यानं समुद्राच्या बाजूनं दगडांचा बंधारा घातलाय, सुरूची झाडं लावलीत, आणि मीठ ओढून काढायला अधूनमधून दगडाला कागदाचा ओला लगदा थापतात. लगदा वाळता वाळता मीठ शोषतो. मुरुमं आलेल्या तोंडाला मुलतानी माती लावावी, साधारण तसं.

युरोपी खलाशी या किनाऱ्याला सात पॅगोडा म्हणायचे. विल्यम चेंबर्स यांनी १७७२ आणि १७७६ साली हे गाव पाहिलं आणि १७८८ साली छापून आलेल्या त्यांच्या लेखानं ते नाव सगळीकडे पोचलं. सात देवळं होती, इंद्राला हेवा वाटला, सहा बुडाली, एक उरलं, अशी ही दंतकथा. २००२ साली गोव्याच्या दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी एका ब्रिटिश संस्थेबरोबर किनाऱ्यापासून पाचशे ते सातशे मीटरवर, पाच ते आठ मीटर खोलीवर शोध घेतला, तेव्हा भिंतींसारखी बांधकामं आणि घडवलेले दगड सापडले. मग २६ डिसेंबर २००४. त्सुनामीच्या आधी समुद्र आत ओढला गेला तेव्हा तळाशी दगडांची रांग दिसली असं काठावरच्या लोकांनी सांगितलं. लाट आली आणि जाताना शतकांची वाळू घेऊन गेली. खाली गाडलेले कोरीव खडक उघडे पडले. जवळच्या सालुवनकुप्पमला खडकावरचा शिलालेख दिसू लागला, त्याचा माग काढत खणलं तर २००५ साली मुरुगनचं एक अख्खं जुनं देऊळ मिळालं, पल्लवांच्या दगडी थराखाली विटांचा आणखी जुना थर असलेलं. सहा देवळं बुडाल्याचं यातून सिद्ध झालं का? नाही. किनारा सरकलाय आणि बांधकामं पाण्याखाली गेलीत, एवढं मात्र झालं.

त्या शेषशायी विष्णूबद्दल एक गोष्ट. संस्कृत कवी दंडी कांचीच्या दरबारातला. त्याच्या अवंतिसुंदरीकथेच्या सुरुवातीला तो सांगतो की ललितालय नावाच्या स्थपतीनं त्याला महामल्लपुरला बोलावलं. समुद्राकाठी पहुडलेल्या विष्णूच्या मूर्तीचा मोडलेला हात त्यानं जोडला होता आणि जोड दिसत नाही ना, एवढंच कवीला दाखवायचं होतं. ती मूर्ती हीच, असं बऱ्याच जणांना वाटतं. या गावात राजांची नावं ढिगानं मिळतात, पण एका कारागिराचं नाव, तेही डागडुजीसाठी, असं क्वचितच उरतं.

वेरूळपर्यंत

राजसिंहानंच कांचीला कैलासनाथाचं देऊळ बांधलं, समुद्राकाठच्या देवळाचं थोरलं भावंड शोभेल असं. आता ते जुनं भांडण आठवा. पुलकेशीचा वंशज दुसरा विक्रमादित्य (७३३ ते ७४४) यानं कांची जिंकली. बदामीच्या राखेचा सूड म्हणून कांची जाळणं त्याच्या हातात होतं. त्यानं कैलासनाथाची संपत्ती बघितली आणि देवाची देवाला परत केली. तसा त्याचा कन्नड लेख त्याच देवळाच्या खांबावर आहे. मग या विजयाच्या आठवणीसाठी त्याची राणी लोकमहादेवी हिनं बदामीजवळच्या पट्टदकलला देऊळ बांधवलं, आजचं विरूपाक्ष. तिथल्या लेखात दक्षिण दिशेच्या सूत्रधाराचा, म्हणजे स्थपतीचा, उल्लेख येतो. देऊळ बघितलं की कळतंच ते कुठून आलंय.

काही वर्षांतच राष्ट्रकूटांनी चालुक्यांना बाजूला सारलं. त्यांच्या पहिल्या कृष्णाच्या (साधारण ७५६ ते ७७३) काळात वेरूळच्या डोंगरात कैलास कोरलं गेलं, आणि त्याचा आराखडा विरूपाक्षाशी एवढा जुळतो की अभ्यासक एकाला दुसऱ्याचं मूळ मानतात. म्हणजे मामल्लपुरम, कांची, पट्टदकल, वेरूळ. सैन्यं एकमेकांची गावं लुटत गेली आणि त्यांच्या मागोमाग देवळाचा आकार उत्तरेकडे सरकत आला. गंमत अशी की वेरूळच्या लोकांना चिरे रचून देऊळ बांधता येत होतं, तरी ते मुद्दाम महाबलीपुरमच्या जुन्या वाटेला लागले: अख्खा डोंगर, आणि वरून खाली.

पुढच्या वेळी वेरूळला जाल तेव्हा आधी आत शिरू नका. बाजूच्या डोंगरावर चढून कड्यावरून खाली बघा (कठड्याच्या अलीकडूनच). समोर येईल तो आठ कोनांचा घुमट, त्याखाली कूट आणि शालांच्या माळा, सगळं धर्मराज रथाच्या ओळखीचं. मग खाली उतरा. इथे खांब पूर्ण आहेत, गाभारा पूर्ण आहे, देवळाचं जोतं पाठीवर घेतलेले हत्तीही पूर्ण आहेत. बऱ्याच हत्तींच्या सोंडा आज तुटलेल्या दिसतात, पण त्या नंतर तुटल्या. पाथरवटानं त्या पुऱ्या करून दिल्या होत्या.